खरं सांगा आणि सुटा: दक्षिण आफ्रिकेत माफी मिळाली, पण न्याय मिळाला का?

तुमच्या घरातल्या माणसाला ज्याने मारलं, तो तुमच्यासमोर बसलाय. कुठे नेलं, कसं मारलं, मृतदेहाचं काय केलं, हे सगळं तो सांगतोय. आणि हे सगळं खरं सांगितलं म्हणून कायदा त्याला सोडून देणार आहे.

१९९६ पासून पुढची काही वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला हा अनुभव आला. वर्णभेदाची राजवट नुकतीच संपली होती. नव्या सरकारने जुन्या गुन्ह्यांचा छडा लावण्यासाठी 'सत्य आणि समेट आयोग' नेमला. अध्यक्षपदी कोणी न्यायाधीश नव्हते. होते एक धर्मगुरू, आर्चबिशप डेसमंड टुटू.

सूड नको आणि विसरणंही नको, यातला तिसरा रस्ता म्हणून जगभर या प्रयोगाचं नाव घेतलं जातं. पण आज तीस वर्षांनंतर त्याच देशात पीडितांची मुलं सरकारविरुद्ध कोर्टात गेली आहेत. असं का झालं? माफीमागे ख्रिस्ती विचार काय होता? आणि हिशेबात नेमकी कुठली बाजू राहून गेली? सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी तीन शब्दांमधला फरक

क्षमा, न्याय आणि समेट हे तीन शब्द आपण बऱ्याचदा एकाच दमात बोलतो. पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

क्षमा एकटा माणूसही करू शकतो. समोरच्याने माफी मागितली नाही, तो सापडला नाही, अगदी मरण पावला असला तरी मनातला सूड सोडून देता येतो. समेट मात्र एकट्याने होत नाही. मराठी बायबलमध्येही तुटलेलं नातं पुन्हा जोडलं जाण्यासाठी 'समेट' हाच शब्द येतो. त्यासाठी दोन्ही बाजू लागतात. आणि न्याय म्हणजे जे बिघडलं ते शक्य तितकं सरळ करणं. त्यात शिक्षा येते, सत्य बाहेर येणं येतं आणि हिरावून घेतलेलं परत देणंही येतं.

हा फरक फादर मायकेल लॅप्सली एका सायकलच्या उदाहरणातून सांगतात. समजा, मी तुमची सायकल चोरली. सहा महिन्यांनी येऊन म्हणालो, 'चुकलो, मला माफ करा.' तुम्ही मोठ्या मनाने माफ केलंत. मी आभार मानले आणि त्याच सायकलवर बसून घरी निघून गेलो. याला समेट म्हणायचं का?

लॅप्सली हे नुसतं बोलण्यापुरतं सांगत नाहीत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हे अँग्लिकन धर्मगुरू वर्णभेदविरोधी लढ्यात होते. एप्रिल १९९० मध्ये झिम्बाब्वेत त्यांना पाठवलेल्या टपालात बॉम्ब होता. त्यात त्यांचे दोन्ही हात आणि एक डोळा गेला. बॉम्ब कोणी पाठवला, याची कबुली द्यायला त्यांच्यासमोर कोणी आलंच नाही. त्यामुळे 'तुम्ही माफ केलंत का?' या प्रश्नाला त्यांच्याकडे सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. माफ करायचं तर कोणाला?

सायकलचा हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत तो कामाला येणार आहे.

वर्णभेदाला चर्चचाच आधार होता?

हो, मोठ्या प्रमाणात होता.

डच वंशाच्या गोऱ्यांचं डच रिफॉर्म्ड चर्च हे तिथलं अत्यंत प्रभावी चर्च. १८५७ मध्ये या चर्चच्या धर्मसभेने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांना वेगवेगळी उपासना करायला परवानगी दिली. काही गोऱ्या सदस्यांना कृष्णवर्णीयांसोबत एका प्रभुभोजनात बसायचं नव्हतं, हे त्यामागचं कारण. सवलत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू नियम बनली. पुढे वंशानुसार स्वतंत्र चर्चच उभी राहिली.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारी धोरण झालं. तेव्हाचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे राजकारणात येण्याआधी याच चर्चचे धर्मगुरू होते. बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत देवाने लोकांना वेगवेगळ्या भाषा देऊन पांगवलं, म्हणजे वंशांनी वेगळं राहावं हीच देवाची इच्छा, असा युक्तिवाद केला जायचा.

विरोध करणारेही ख्रिस्तीच होते. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला आणि ६९ जण मारले गेले. त्यानंतर बायर्स नॉदे या गोऱ्या धर्मगुरूने आपल्याच चर्चच्या भूमिकेला आव्हान दिलं. १९६३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटवर १९७७ मध्ये सरकारने बंदी घातली. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड असल्याचं जाहीर केलं आणि गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं.

म्हणजे एकाच बायबलवर हात ठेवून एक बाजू भिंत बांधत होती आणि दुसरी ती पाडत होती.

'आधी न्याय, मग समेट' असं कोण म्हणालं?

१९८५ मध्ये देशात आणीबाणी होती. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये लष्कर घुसलं होतं. अशा वेळी अनेक चर्चनेते दोन्ही बाजूंना शांत राहायला आणि एकमेकांना समजून घ्यायला सांगत होते.

ऐकायला हे चांगलंच वाटतं. पण सप्टेंबर १९८५ मध्ये सोवेटो आणि आसपासच्या धर्मगुरूंनी आणि धर्मअभ्यासकांनी एक निवेदन काढून यावरच बोट ठेवलं. 'कायरोस डॉक्युमेंट' या नावाने ते ओळखलं जातं. कायरोस हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ निर्णायक घडी.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: दोन माणसांत गैरसमजातून भांडण झालं असेल तर मध्यस्थी करून समेट घडवणं ठीक आहे. पण एकाच्या हातात बंदूक आहे आणि दुसरा निःशस्त्र आहे, अशा वेळी मधोमध उभं राहणं म्हणजे बंदूकवाल्याला मदत करणं. अन्याय चालू असताना पीडितांना माफ करायला सांगणं हे ख्रिस्ती शिकवणीचं पालन नाही, तिचा विपर्यास आहे. पश्चात्तापाशिवाय क्षमेची आणि न्यायाशिवाय समेटाची भाषा करू नका.

याला बायबलमध्येही आधार सापडतो. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा तो नुसता रडून माफी मागत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन, असं सांगतो. सायकल परत येते, तीही व्याजासकट.

मग आयोगाची गरज का पडली?

११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. २७ एप्रिल १९९४ रोजी पहिल्यांदा सर्व वंशांच्या लोकांनी मतदान केलं. पण ही सत्ता युद्ध जिंकून मिळालेली नव्हती, वाटाघाटींतून आली होती. पोलीस आणि लष्करात जुनीच माणसं होती. सगळ्यांवर खटले भरले तर ते निवडणूकच होऊ देणार नाहीत, ही भीती खरी होती.

दुसरीकडे, सगळ्यांना सरसकट माफी देऊन विषय संपवणं म्हणजे पीडितांवर दुसऱ्यांदा अन्याय. शिवाय पुरावे नष्ट केलेले, साक्षीदार मेलेले. खटले भरले तरी किती टिकले असते?

यातून मधला मार्ग निघाला. १९९५ मध्ये राष्ट्रीय ऐक्य आणि समेटाचा कायदा झाला. त्यानुसार माफी मिळेल, पण प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज करावा लागेल. गुन्हा राजकीय हेतूने केलेला असला पाहिजे आणि त्याबद्दलचं संपूर्ण सत्य सांगितलं पाहिजे. जो अर्ज करणार नाही किंवा खोटं बोलेल, त्याच्यावर खटल्याचा मार्ग मोकळा.

थोडक्यात, सत्याच्या बदल्यात माफी. यात खटल्याची धमकी खरी असणं गरजेचं होतं. ती नसती तर अर्ज कोण करणार?

आयोगाचं काम कसं चाललं?

आयोगात १७ सदस्य होते. उपाध्यक्ष अ‍ॅलेक्स बोरेन हेही एकेकाळी मेथडिस्ट चर्चचे प्रमुख होते. तीन समित्या होत्या: एक मानवी हक्कांच्या उल्लंघनाची नोंद घेणारी, एक माफीचे अर्ज तपासणारी आणि एक नुकसानभरपाई सुचवणारी. १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातल्या घटना तपासायच्या होत्या.

एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन या शहरात पहिली जाहीर सुनावणी झाली. पुढे २१ हजारांहून जास्त लोकांनी आपले जबाब नोंदवले. साधारण दोन हजार जण जाहीरपणे बोलले, स्वतःच्या भाषेत. ज्यांचं म्हणणं पोलीस ठाण्यात कोणी लिहूनही घेतलं नव्हतं, त्यांचं बोलणं रेडिओ आणि टीव्हीवरून देशभर पोहोचलं. पहिल्याच सुनावणीच्या वेळी टुटू टेबलावर डोकं ठेवून रडले.

माफीसाठी सात हजारांहून जास्त अर्ज आले. त्यातले पाच हजारांहून जास्त फेटाळले गेले. त्यात राजकारणाशी संबंध नसलेल्या कैद्यांचे अर्ज बरेच होते. म्हणजे 'आयोगाने सगळ्यांना सोडून दिलं' हा समज चुकीचा आहे.

आयोगाने फक्त गोऱ्या सरकारला दोष दिला असंही नाही. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने लढ्याच्या काळात केलेले छळ आणि हत्याही अहवालात आल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये अहवाल थांबवण्यासाठी हा पक्ष कोर्टात गेला, पण हरला. मंडेलांनी मात्र अहवाल स्वीकारला.

टुटूंचा विचार काय होता?

टुटूंच्या मते न्याय दोन प्रकारचा असतो. एक शिक्षा देणारा आणि दुसरा मोडलेलं सांधणारा. दुसऱ्या प्रकारात गुन्हा म्हणजे नुसता कायद्याचा भंग नसतो, ते नात्याला पडलेलं भगदाड असतं. त्यामुळे पीडिताची प्रतिष्ठा परत मिळावी आणि गुन्हेगारही माणसांत परत यावा, हे दोन्ही महत्त्वाचं.

यात त्यांनी ख्रिस्ती शिकवण आणि आफ्रिकेतली 'उबुंटू' ही कल्पना एकत्र आणली. उबुंटूचा अर्थ, माणूस दुसऱ्या माणसांमुळेच माणूस होतो. दुसऱ्याला पायदळी तुडवताना तुमचं स्वतःचं माणूसपणही कमी होतं. म्हणून वर्णभेदाने गोऱ्यांचंही नुकसान केलं, असं टुटू म्हणत.

यावर टीकाही झाली. सुनावणीला प्रार्थनेने सुरुवात व्हायची, टुटू जांभळा झगा घालून बसायचे. हा सरकारी आयोग आहे की चर्च, असा प्रश्न विचारला गेला. दुसरी टीका जास्त गंभीर होती: सगळं वातावरणच असं असेल, तर 'मला माफ करायचं नाही' असं म्हणणाऱ्या पीडितावर दबाव येणार नाही का?

कायद्याने पीडितावर माफ करायची सक्ती नव्हती. पण गुन्हेगारावर पश्चात्ताप करायचीही सक्ती नव्हती. फक्त सत्य सांगायचं होतं. त्यामुळे काही जण कोरड्या आवाजात खुनाचा तपशील सांगून, माफी घेऊन निघून गेले.

कोणी माफ केलं, कोणी नकार दिला?

ऑगस्ट १९९३ मध्ये एमी बील या अमेरिकन विद्यार्थिनीला केप टाउनजवळच्या गुगुलेथु वस्तीत जमावाने ठार मारलं. ती स्वतः वर्णभेदाच्या विरोधात काम करत होती. चार तरुणांना शिक्षा झाली. त्यांनी आयोगाकडे अर्ज केला, तेव्हा एमीच्या आईवडिलांनी विरोध केला नाही. १९९८ मध्ये चौघं सुटले. त्यातल्या दोघांनी पुढे एमीच्या नावाने सुरू झालेल्या संस्थेत काम केलं.

त्याच गुगुलेथुमध्ये मार्च १९८६ मध्ये पोलिसांनी सात तरुणांना सापळा रचून मारलं होतं. पोलिसांसाठी काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीयाने नंतर त्या तरुणांच्या आयांना भेटून माफी मागितली. सगळ्यांची प्रतिक्रिया सारखी नव्हती, राग होताच. पण मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या आईने समेटाचा आपल्याला समजलेला अर्थ सांगितला: यामुळे मारणाऱ्याला त्याचं माणूसपण परत मिळणार असेल आणि आम्हालाही आमचं परत मिळणार असेल, तर आपला त्याला पाठिंबा आहे.

स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने मात्र वेगळी भूमिका घेतली. कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाची चळवळ उभी करणारे बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावले. त्यांच्या कुटुंबाचं म्हणणं होतं की खुन्यांना कोर्टात खेचायचा आमचा हक्क सरकार काढून घेऊ शकत नाही. १९९६ मध्ये घटनापीठाने माफीचा कायदा वैध ठरवला. कोर्टाने पीडितांचं दुःख नाकारलं नाही, पण शांततेने सत्तांतर व्हायचं तर ही किंमत देशाने पत्करली आहे, असं म्हटलं. पुढे बिको प्रकरणातल्या पोलिसांना माफी नाकारली गेली, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितलं नव्हतं.

माफ करणारे मोठ्या मनाचे आणि कोर्टात जाणारे सूडाने पेटलेले, अशी विभागणी सोपी आहे, पण चूक आहे. बिको कुटुंबाने सूड मागितला नव्हता. कायद्याने जे द्यायला हवं, तेच मागितलं होतं.

चर्चने स्वतःची चूक मान्य केली का?

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्ग इथे देशभरातल्या चर्चची परिषद भरली. डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मअभ्यासक विली योंकर यांनी तिथे स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. टुटू उठले आणि त्यांनी ही कबुली स्वीकारली. त्यावर काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाराज झाले. सगळ्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार टुटूंना कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही चुकीचा वाटत नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये आयोगाने धर्मसंस्थांचीच सुनावणी घेतली. ख्रिस्ती चर्चबरोबर मुस्लिम आणि हिंदू संस्थाही आल्या. कोणी पाठिंबा दिल्याचं मान्य केलं, कोणी गप्प बसल्याचं.

मग राहिलं काय?

आता सायकलच्या प्रश्नाकडे येऊ.

पीडितांनी त्यांचा वाटा उचलला. ते बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, अनेकांनी माफही केलं. बदल्यात सरकारने दोन गोष्टी करायच्या होत्या: भरपाई देणं आणि ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले भरणं.

भरपाई म्हणून पीडितांना सहा वर्षं, दरवर्षी साधारण १७ ते २३ हजार रँड द्यावेत, अशी आयोगाची शिफारस होती. २००३ मध्ये थाबो म्बेकी यांच्या सरकारने एकदाच ३० हजार रँड द्यायचं ठरवलं. उद्योगांवर आणि श्रीमंतांवर कर लावायची सूचना बाजूलाच पडली.

खटल्यांसाठी आयोगाने ३०० हून जास्त प्रकरणं सरकारी वकिलांच्या यंत्रणेकडे सोपवली. त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रकरणांत खटले उभे राहिले. भारतीय वंशाचे कार्यकर्ते अहमद तिमोल १९७१ मध्ये पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून पडून मरण पावले. ती आत्महत्या नसून खून होता, हे कोर्टाने मान्य करायला २०१७ साल उजाडलं. एका माजी पोलिसावर आरोप ठेवले गेले, पण २०२१ मध्ये तोही वारला.

आणखी एक मर्यादा होती. आयोगाने खून, छळ, अपहरण असे गुन्हे पाहिले. पण वर्णभेद म्हणजे तेवढंच नव्हतं. १९१३ च्या कायद्यापासून कृष्णवर्णीयांना बहुतेक जमीन विकत घेता येत नव्हती. लाखो लोकांना घरातून उठवून दुसरीकडे फेकलं गेलं. अभ्यासक महमूद ममदानी यांनी दाखवून दिलं की हे रोजचं, कायदेशीर नुकसान आयोगाच्या व्याख्येत बसलंच नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार वैयक्तिक मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडे होती. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी आहे.

टुटूंनाही हे दिसत होतं. २०११ मध्ये त्यांनी गोऱ्या नागरिकांवर संपत्ती कर लावायची कल्पना मांडली. त्यावर बरीच टीका झाली आणि तसा कर लागला नाही. २६ डिसेंबर २०२१ रोजी टुटू गेले, तेव्हा खटले आणि भरपाई हे दोन्ही प्रश्न तसेच होते.

आज काय चाललंय?

जानेवारी २०२५ मध्ये २५ कुटुंबांनी सरकारविरुद्ध कोर्टात धाव घेतली. खटले मुद्दाम दाबले गेले, असा त्यांचा आरोप आहे. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी याची चौकशी करायला आयोग नेमला. म्हणजे आयोगाच्या अपुऱ्या कामाची चौकशी करायला आणखी एक आयोग.

१९८५ मध्ये मारल्या गेलेल्या क्रॅडॉकच्या चार कार्यकर्त्यांच्या मृत्यूची चौकशीही २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या माजी पोलिसांवर संशय होता, त्यातला एकही आता जिवंत नाही. त्याच वर्षी, १२ सप्टेंबरला, बिकोंच्या मृत्यूची चौकशीही नव्याने उघडली गेली.

यातून काय कळतं?

'आयोग फसला' असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. देशात यादवी झाली नाही. छळ झालाच नव्हता, असं आज तिथे कोणी उजळ माथ्याने म्हणू शकत नाही. अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे अवशेष सापडले, दफन करता आलं. ही छोटी गोष्ट नाही.

पण त्या सौद्याला दोन बाजू होत्या. माफीची बाजू पीडितांनी सांभाळली, तीही रोख. न्यायाची बाजू सरकारने उधारीवर ठेवली आणि ज्यांना वर्णभेदाचा फायदा झाला त्यांनी ती मागितल्याशिवाय दिली नाही. कायरोसवाल्यांनी १९८५ मध्ये हाच धोका सांगितला होता.

म्हणून कुठल्याही समाजात दंगलीनंतर, अत्याचारानंतर कोणी 'झालं गेलं विसरून जा' असं म्हणत असेल, तर दोन प्रश्न विचारायला हवेत. विसरायला कोणाला सांगितलं जातंय? आणि सायकल सध्या कोणाकडे आहे?